न दिसणाऱ्या इजेचे मोजमाप

१८९० च्या सुमारास हिंदुस्थानात काम करणाऱ्या पन्नासहून अधिक स्त्री-डॉक्टरांनी व्हाइसरॉयकडे एक अर्ज पाठविला. संमतिवयाच्या कायद्याची तेव्हा देशभर चर्चा चालू होती. अर्जासोबत तेरा बालवधूंच्या प्रकरणांची यादी होती. प्रत्येक नोंदीत वय आणि इजा दिलेली होती : रक्तस्राव, निखळलेली हाडे, लुळे पडलेले पाय, मृत्यू. लहान मुलांवर होणाऱ्या अत्याचारांचे आपल्या देशातील हे बहुधा सर्वांत जुन्या वैद्यकीय तक्त्यांपैकी एक म्हणता येईल.

या तक्त्यात एक रकाना नाही. ज्या मुली वाचल्या, त्या पुढे तिशी-चाळिशीच्या झाल्यावर कशा होत्या? त्यांना झोप लागत होती का? अचानक छाती धडधडत होती का? हा रकाना कोणी मुद्दाम गाळला असे नाही. तो भरण्याचे साधनच तेव्हा कोणाजवळ नव्हते. मोडलेले हाड डॉक्टरांना दिसत होते; वीस वर्षांनी रात्री दचकून जागी होणारी बाई कोणत्याही तक्त्यात बसत नव्हती.

हा रकाना पुढे कसा तयार झाला, त्यासाठी कोणती साधने घडविली गेली आणि त्या साधनांची मर्यादा कोठे आहे, हे या लेखात पाहू. मर्यादेचा भाग विशेष महत्त्वाचा आहे. या क्षेत्रातील सर्वांत मोठ्या चुका मोजता न आल्यामुळे झालेल्या नाहीत. मापाचा अर्थ भलताच लावल्यामुळे झाल्या आहेत.

कायद्याने काय मोजले?

या चर्चेत मुंबई इलाखा आघाडीवर होता. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्ये बालविवाहाविरुद्ध आपली टिपणे प्रसिद्ध केली. त्याच वर्षी अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंविरुद्ध त्यांच्या पतीने मुंबईत दावा लावला. तो १८८८ पर्यंत चालला. पुढे रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. १८९० मध्ये कलकत्त्याला फुलमणी दासी या दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचा खटला गाजला आणि १८९१ मध्ये संमतिवय दहावरून बारा वर्षे करण्यात आले. पुण्यात टिळकांनी या कायद्याला विरोध केला, आगरकरांनी पाठिंबा दिला. हा वाद आपल्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत येतोच.

त्या वादात दोन्ही बाजूंनी ज्या गोष्टी मोजल्या, त्या अशा : मुलीचे वय आणि शरीराची इजा. मनाच्या इजेबद्दल कोणी बोलले नाही असे नव्हे, पण ती पुरावा म्हणून कोणी मांडली नाही.

व्हिएन्नातील घाई

मनाच्या बाजूने पहिला मोठा प्रयत्न युरोपात झाला. एप्रिल १८९६ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी व्हिएन्नातील डॉक्टरांपुढे एक व्याख्यान दिले. हिस्टेरिया या तेव्हाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकाराच्या अठरा रुग्णांचा त्यांनी आधार घेतला आणि सांगितले, की या प्रत्येकाच्या मुळाशी बालपणी झालेला लैंगिक अत्याचार आहे. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १८९७ मध्ये, आपल्या मित्राला लिहिलेल्या खाजगी पत्रात त्यांनी हे मत सोडल्याचे कळविले. त्यानंतर रुग्ण सांगतात त्या घटना पुष्कळदा मनाच्या कल्पना असाव्यात, या विचाराकडे मनोविश्लेषणाचा कल झाला.

या दोन्ही भूमिकांचे गणित तपासून पाहण्यासारखे आहे. पहिली भूमिका : लक्षण दिसले, म्हणजे घटना घडलीच असणार. दुसरी भूमिका : लक्षण दिसले आणि रुग्णाने घटना सांगितली, तरी ती घडली नसावी. दोन्ही ठिकाणी लक्षणावरून घटनेचा निर्णय दिला गेला. तुलनेसाठी घेतलेला दुसरा गट कोठेच नव्हता. ज्यांच्यावर अत्याचार झाला नाही अशा माणसांत हीच लक्षणे किती आढळतात, हा प्रश्न विचारलाच गेला नाही. दुसऱ्या भूमिकेची किंमत पुढच्या दोन-तीन पिढ्यांतील रुग्णांनी मोजली; कारण त्यांनी सांगितलेल्या खऱ्या घटनाही डॉक्टरांना कल्पना वाटू लागल्या.

प्रश्नावलीचा जन्म

मनातील त्रास आकड्यात मांडण्याची पद्धत अगदी वेगळ्या गरजेतून आली. पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमाराने अनेक सैनिकांचे मानसिक संतुलन बिघडले. अशी माणसे भरतीच्या वेळीच ओळखता येतील का, यासाठी अमेरिकेत रॉबर्ट वुडवर्थ यांनी १९१७ च्या सुमारास शंभरावर प्रश्नांची एक यादी केली. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. ती प्रत्यक्ष वापरात येण्यापूर्वीच युद्ध संपले, पण कल्पना रुजली. डॉक्टरने प्रत्येकाशी तासभर बोलण्याऐवजी सर्वांना तेच प्रश्न त्याच शब्दांत विचारायचे आणि उत्तरांची बेरीज करायची.

१९३२ मध्ये रेन्सिस लिकर्ट यांनी हो-नाहीच्या जागी पायऱ्यांची श्रेणी आणली. यामुळे ‘कधीच नाही’ ते ‘नेहमी’ यांच्यामधल्या छटांना गुण देता येऊ लागले. आपण वार्षिक तपासणीत विद्यार्थ्यांच्या गुणांना श्रेणी देतो, त्याच जातीची ही युक्ती आहे. १९७० नंतरच्या दशकात डोकेदुखी, निद्रानाश, घबराट, उदासी अशा तक्रारींच्या लक्षणसूची मानसोपचारात सर्रास वापरल्या जाऊ लागल्या.

घटना उजेडात येते

याच काळात मुलांवरील अत्याचार हा विषय वैद्यकात परत आला. १९६२ मध्ये हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या मुलांच्या क्ष-किरण चित्रांवर आधारलेला निबंध अमेरिकेत प्रसिद्ध केला. ‘पडला’ म्हणून आणलेल्या बालकाच्या हाडांवर वेगवेगळ्या काळात जुळून आलेल्या भेगा दिसत होत्या. म्हणजे सुरुवात पुन्हा हाडांपासूनच झाली.

पुढची पायरी प्रौढांना विचारण्याची होती. डेव्हिड फिंकेलहॉर यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७९६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी सुमारे १९ टक्के मुलींनी आणि ९ टक्के मुलांनी बालपणी लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. डायना रसेल यांनी १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहरात यदृच्छ नमुन्याने निवडलेल्या ९३० स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. त्यांत अठरा वर्षांपूर्वी असा अनुभव आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ३८ टक्के निघाले. फ्रॉइड यांच्यापुढे अठरा रुग्ण होते आणि ते सगळे आजारी होते. येथे सर्वसाधारण लोकांतून निवड झाली.

१९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेने आपल्या निदानसूचीत ‘आघातोत्तर ताणविकार’ हे निदान समाविष्ट केले. त्याच्या आदल्याच वर्षी मार्डी हॉरोविट्झ यांनी पंधरा प्रश्नांची एक आघात-श्रेणी प्रसिद्ध केली होती. तिच्यात आधी घटनेचे नाव घ्यावे लागते आणि मग ‘त्या घटनेची’ आठवण नकोशी असताना येते का, ती टाळावीशी वाटते का, असे विचारले जाते.

एखाद्या मोठ्या आपत्तीसाठी हे साधन योग्य आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यात घर गमावलेल्या माणसाला ‘ती घटना’ कोणती, हे सांगावे लागत नाही. तिला तारीख आहे, वेळ आहे, साक्षीदार आहेत. म्हणूनच पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने तेथील लोकांच्या मानसिक स्थितीचा पुढे मागोवा घेता आला. बालपणीच्या अत्याचाराला मात्र बहुधा तारीख नसते, साक्षीदार नसतो. करणारा पुष्कळदा घरातला किंवा ओळखीचा असतो. काहींनी ती गोष्ट कोणालाच सांगितलेली नसते. मग घटनेचे नाव न घेता परिणाम मोजता येईल का?

चाळीस तक्रारींची सूची

या प्रश्नाचे एक उत्तर जॉन ब्रीअर आणि मार्शा रंट्झ यांनी १९८९ मध्ये दिले. त्यांनी ३३ तक्रारींची एक सूची प्रसिद्ध केली. १९९२ मध्ये डायना एलियट आणि ब्रीअर यांनी ती वाढवून ४० तक्रारींची केली. ‘आघात-लक्षणसूची-४०’ या नावाने ती आजही संशोधनात वापरली जाते.

तिची रचना साधी आहे. गेल्या दोन महिन्यांत प्रत्येक तक्रार किती वेळा जाणवली, याला ० ते ३ गुण द्यायचे. कधीच नाही तर ०, फार वेळा तर ३. एकूण गुण ० ते १२० यांच्यामध्ये येतात. तक्रारींत डोकेदुखी, पोटाचे विकार, झोप न लागणे, फार पहाटे जाग येणे, रडू न आवरणे, चक्कर, श्वास कोंडणे, अपराधी वाटणे, पुन्हा पुन्हा हात-अंग धुणे, पुरुषांची किंवा स्त्रियांची भीती, आपण आपल्या शरीरात नाही असे वाटणे, जुनी दृश्ये एकाएकी डोळ्यांपुढे येणे अशा गोष्टी आहेत. त्यांतून सहा उपगट काढतात : चिंता, उदासी, मनाची विलगता, झोपेतील बिघाड, लैंगिक अडचणी आणि लैंगिक अत्याचाराच्या आघाताचा निर्देशांक.

या संपूर्ण सूचीत ‘तुमच्यावर लहानपणी अत्याचार झाला का?’ हा प्रश्न नाही. तो वेगळा विचारला जातो. त्यामुळे हीच सूची अत्याचार झालेल्या आणि न झालेल्या, दोन्ही गटांना देता येते आणि गटांची तुलना करता येते. फ्रॉइड यांच्याजवळ नसलेला दुसरा गट येथे मिळाला. १९९२ च्या अभ्यासात २९६३ व्यावसायिक स्त्रियांनी भाग घेतला. त्या रुग्ण नव्हत्या. आपापल्या नोकरी-व्यवसायात होत्या. त्यांच्यातही बालपणी लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगणाऱ्यांचे सरासरी गुण इतरांपेक्षा जास्त भरले. १८९० च्या तक्त्यात नसलेला रकाना असा सुमारे शंभर वर्षांनी भरला जाऊ लागला.

काटा बरोबर आहे का?

कोणत्याही मापनाविषयी दोन प्रश्न विचारावे लागतात. ते समजण्यासाठी अकोटच्या बाजारातील कापसाचा काटा डोळ्यांपुढे आणू. तीच गाडी तीन वेळा काट्यावर घेतली आणि तीनही वेळा तेच वजन आले, तर काटा विश्वसनीय आहे. पण तो प्रत्येक वेळी दहा किलो कमी दाखवत असेल, तर विश्वसनीय असूनही तो खरा नाही; शेतकऱ्याचे नुकसान अगदी सातत्याने होत राहील. मापन ज्यासाठी आहे तेच मोजते का, या गुणाला सप्रमाणता म्हणतात.

प्रश्नावलीची विश्वसनीयता तपासण्याचा एक मार्ग शिक्षकांना सहज कळेल. परीक्षेतील सम क्रमांकाच्या प्रश्नांचे गुण आणि विषम क्रमांकाच्या प्रश्नांचे गुण वेगवेगळे काढा. पेपर चांगला असेल तर दोहोंत चांगला मेळ दिसेल. ली क्रॉनबाख यांनी १९५१ मध्ये हीच कल्पना व्यापक करून ‘आल्फा’ हा गुणांक रूढ केला. तो सहसा ० ते १ यांच्या दरम्यान असतो. चाळीस तक्रारींच्या या सूचीसाठी तो सुमारे ०.९ येतो, म्हणजे उत्तम. उपगटांसाठी मात्र तो ०.६६ ते ०.७७ असा उतरतो. चार-सहा प्रश्नांच्या चाचणीवर आपण विद्यार्थ्याची श्रेणी ठरवत नाही, तसेच येथे. म्हणून ही सूची संशोधनासाठी आहे. एका व्यक्तीच्या निदानासाठी किंवा न्यायालयीन पुराव्यासाठी ती नाही.

उलटा हिशेब

आता मुख्य मुद्दा. अत्याचार झालेल्यांचे सरासरी गुण जास्त असतात, हे मान्य. मग ज्याचे गुण जास्त त्याच्यावर अत्याचार झाला असे म्हणता येईल का? एक काल्पनिक उदाहरण घेऊन हिशेब करू. हे आकडे केवळ समजण्यासाठी आहेत.

समजा, १००० प्रौढ आहेत. त्यांपैकी २०० जणांवर बालपणी अत्याचार झाला होता. त्यांतील ६० टक्क्यांचे, म्हणजे १२० जणांचे गुण जास्त आले. उरलेल्या ८०० जणांवर अत्याचार झाला नव्हता. पण कर्ज, आजार, घरातील मृत्यू, नवऱ्याचे दारूचे व्यसन अशा कारणांनी त्यांतील २५ टक्क्यांचे, म्हणजे २०० जणांचे गुणही जास्त आले. एकूण जास्त गुणांचे लोक झाले ३२०. त्यांत अत्याचार झालेले १२०, म्हणजे ३७.५ टक्के. ‘गुण जास्त, म्हणजे अत्याचार झाला’ असे म्हणणारा माणूस दर आठांपैकी पाच वेळा चुकेल.

दुसरी बाजूही पाहू. अत्याचार झालेल्या २०० पैकी ८० जणांचे गुण कमी आहेत. ‘गुण कमी, म्हणजे काही घडले नाही’ असे म्हणणारा या ८० जणांना खोटे ठरवील. ही शक्यता नुसती कागदावरची नाही. १९९३ मध्ये कॅथलीन केंडल-टॅकेट, लिंडा विल्यम्स आणि फिंकेलहॉर यांनी लैंगिक अत्याचार झालेल्या मुलांवरील ४५ अभ्यासांचा आढावा घेतला. सुमारे एक-तृतीयांश मुलांत तपासलेली कोणतीच लक्षणे आढळली नाहीत.

घटनेकडून लक्षणाकडे जाणारी वाट आणि लक्षणाकडून घटनेकडे येणारी वाट या वेगळ्या आहेत. पाऊस पडला की अंगण ओले होते. पण अंगण ओले दिसले म्हणून पाऊस पडला असे ठरत नाही. कोणी सडा घातला असेल. शिवाय उन्हात वाळलेले अंगण रात्री पाऊस पडलाच नाही, हेही सिद्ध करत नाही.

आठवण आणि नोंद

हा फरक विसरल्याने काय होते, हे १९८० नंतरच्या अमेरिकेत दिसले. तेथील काही उपचारक लक्षणांची यादी दाखवून रुग्णाला सांगू लागले, की तुम्हाला आठवत नसले तरी अत्याचार झाला असणार, आठवून पाहा. फ्रॉइड यांची १८९६ ची घाई पुन्हा झाली. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी १९९५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लहानपणी बाजारसंकुलात हरवल्याची खोटी हकीकत, नातलगांनी सांगितलेल्या खऱ्या हकिकतींत मिसळून, २४ जणांना दिली गेली. त्यांतील ६ जणांना ती शेवटपर्यंत पूर्ण किंवा अंशतः ‘आठवत’ होती. सुचविण्याने आठवण तयार होऊ शकते, हे यातून दिसले.

पण यावरून ‘मोठेपणी सांगितलेले सगळे बनावट’ असा निष्कर्ष काढणे तितकेच चूक आहे. १९९४ मध्ये लिंडा विल्यम्स यांनी बालपणी अत्याचार झाल्याची रुग्णालयात नोंद असलेल्या १२९ स्त्रियांना सुमारे सतरा वर्षांनी गाठले. त्यांतील ३८ टक्के स्त्रियांनी ती घटना सांगितली नाही. घटना घडली होती, नोंद होती; आठवण नव्हती किंवा सांगण्याची तयारी नव्हती.

२०१९ मध्ये जेसी बाल्डविन आणि सहकाऱ्यांनी अशा १६ अभ्यासांतील पंचवीस हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली. बालपणी अत्याचाराची नोंद झालेल्यांपैकी ५२ टक्क्यांनी मोठेपणी तो सांगितला नव्हता. मोठेपणी सांगणाऱ्यांपैकी ५६ टक्क्यांची बालपणी नोंद झालेली नव्हती. नोंद नसणे म्हणजे खोटे बोलणे असा याचा अर्थ मुळीच नाही. बहुतेक घटना कोणत्याही दप्तरात पोचतच नाहीत. नोंद आणि आठवण ही दोन वेगळी साधने आहेत आणि ती बऱ्याच अंशी वेगवेगळी माणसे शोधून काढतात, एवढेच यातून कळते. २०२० मध्ये आंद्रेया डानेसे आणि कॅथी विडम यांनी दाखविले, की मोठेपणीच्या मानसिक विकारांशी नोंदीपेक्षा व्यक्तीच्या स्वतःच्या आठवणीचा संबंध अधिक असतो. उपचार करणाऱ्याच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे. समोरचा माणूस जे सांगतो ते ऐकून घेणे हाच उपचाराचा आरंभ आहे. त्यासाठी दप्तरातील कागद लागत नाही.

आपल्याकडची आकडेवारी

आपल्या परिसरात या प्रकारचे मोजमाप अलीकडे सुरू झाले. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी उच्च माध्यमिक शाळांतील ८११ विद्यार्थ्यांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध केला. सुमारे एक-तृतीयांश विद्यार्थ्यांनी आदल्या वर्षभरात कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. ६ टक्क्यांनी जबरदस्तीचा अनुभव सांगितला. अशा विद्यार्थ्यांची अभ्यासातील प्रगती आणि आरोग्य ही दोन्ही इतरांपेक्षा खालावलेली होती.

२००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्र आणि गोवा ही राज्ये त्यात होती. ५३ टक्के मुलांनी एखाद्या प्रकारचा लैंगिक अत्याचार, तर ६९ टक्क्यांनी शारीरिक अत्याचार सांगितला. मुलगे यात मागे नव्हते. याच अभ्यासात शाळेत जाणाऱ्या ६५ टक्के मुलांनी शाळेत मार खाल्ल्याचे सांगितले. हा आकडा आपल्या व्यवसायाबद्दल आहे. अत्याचार म्हणजे नेहमी दुसऱ्या कोणाच्या घरातली गोष्ट, असे समजायला तो जागा ठेवत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी केली.

या आकड्यांनी समस्येचा आकार कळला. दोषी कोण, हे मात्र असे आकडे सांगत नाहीत. ते काम न्यायालयाचे आहे आणि त्याचा पुरावा वेगळा असतो. मडगाव येथे अनाथ मुलांचे वसतिगृह चालविणारा फ्रेडी पीट्स याला १९९१ मध्ये अटक झाली आणि १९९६ मध्ये जन्मठेप. त्याच्या घरी सापडलेली दोन हजारांहून अधिक छायाचित्रे त्या खटल्यात महत्त्वाची ठरली.

हिवरखेडला विचारायचे तर

हिवरखेड नावाची किमान दोन गावे वऱ्हाडात आहेत. एक अकोल्याच्या तेल्हारा तालुक्यात, दुसरे अमरावतीच्या मोर्शी तालुक्यात. दोन्ही सातपुड्याच्या पायथ्याकडची. उत्तर अमेरिकेत तयार झालेली चाळीस तक्रारींची ही सूची तेथे जशीच्या तशी विचारता येईल का?

डोकेदुखी घ्या. कपाशीवर फवारणी चालू असलेल्या महिन्यांत डोके दुखणे आणि चक्कर येणे याचे कारण पंपातील औषधही असू शकते. झोप घ्या. वीज रात्रीच मिळते म्हणून ओलितासाठी शेतावर जाणाऱ्या माणसाची झोप मोडलेलीच असते. वारंवार हात-अंग धुणे घ्या. खारपाणपट्ट्यात, जेथे पिण्याजोगे पाणी जपून वापरावे लागते, तेथे या प्रश्नाला कमी गुण पडतील, पण ते मनःशांतीमुळे नव्हे. प्रश्न तोच, शब्द तेच, तरी तो वेगळीच गोष्ट मोजू लागतो. काटा एका गावाहून दुसऱ्या गावी नेला की तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो.

भाषेचेही तसेच. ‘चिंतेचे झटके येतात का?’ असे पुस्तकी मराठीत विचारले तर उत्तर मिळेलच असे नाही. ‘जीव घाबरते का?’, ‘मनात इचार येत राह्यतात का?’ असे विचारले तर बोलणे सुरू होते. म्हणून शास्त्रीय पद्धत अशी : एकाने भाषांतर करायचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत मूळ भाषेत न्यायचे, दोन्ही मूळ प्रती ताडून पाहायच्या, आणि मग गावातल्या लोकांना तो प्रश्न काय कळला, हे त्यांच्याकडूनच ऐकायचे.

हे काम वऱ्हाडात अशक्य नाही. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ हा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम राबविण्यात आला. त्यात नैराश्य ओळखण्यासाठी नऊ प्रश्नांची सूची वापरली गेली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. खेड्यातील माणूस मनाबद्दल बोलत नाही हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. विचारणारा ओळखीचा हवा, आणि विचारल्यानंतर करण्यासारखे काही त्याच्या हाती हवे.

बालपणीच्या अत्याचाराबाबत ही दुसरी अट अधिकच कडक आहे. प्रश्न विचारताना शेजारी सासू बसली आहे का, दार उघडे आहे का, उत्तर देऊन बाई रडू लागली तर तिला कोठे पाठवायचे, याची सोय आधी हवी. सोय नसेल तर न विचारणे हेच शास्त्र आहे.

शिक्षकाच्या हाती काय?

येथे वर्णन केलेली सूची प्रौढांसाठी आहे. ती वर्गात वाटू नये आणि विद्यार्थ्याच्या डोकेदुखीवरून किंवा गप्प बसण्यावरून त्याच्या घराबद्दल निष्कर्ष काढू नये. आपला हिशेब आठवा : तो आठांपैकी पाच वेळा चुकू शकतो. पण मूल स्वतःहून काही सांगू लागले, तर प्रश्न मापनाचा राहत नाही. तेव्हा आपण शब्द सुचवायचे नाहीत, ‘खरंच का?’ असे उलट विचारायचे नाही. त्याच्या शब्दांत ऐकायचे, आणि ते शब्द तसेच लिहून ठेवायचे. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळविणे बंधनकारक आहे आणि न कळविणे हा गुन्हा आहे. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. १९९६ मध्ये मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतून ही सेवा सुरू झाली. प्रौढांसाठी २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही सेवा आहे.

वाचकांपैकी कोणी या लेखातील तक्रारी वाचताना स्वतःची झोप आणि स्वतःचे बालपण आठवले असेल. त्यांच्यासाठीही हेच गणित लागू आहे. त्रास असेल तर तो खरा आहे आणि त्यावर उपचार मागण्यासाठी भूतकाळ सिद्ध करावा लागत नाही. त्रास नसेल, तरी जे घडले ते घडलेच. ते सांगण्यासाठी गुणांची आवश्यकता नाही.

१८९० च्या त्या तक्त्यात तेरा मुली होत्या. आज आपल्याजवळ हजारोंचे आकडे आणि तपासून घेतलेल्या श्रेणी आहेत. एवढी साधने हाती असताना त्यांचा उपयोग कोणासाठी करायचा, हे ठरविणे आपले काम आहे : दुखणे किती आहे हे जाणून मदत पोचविण्यासाठी त्या आहेत. सांगणाऱ्याला खरे-खोटे ठरविण्यासाठी त्या वापरल्या, तर व्हिएन्नातील चूक हिवरखेडच्या शाळेतही होऊ शकेल.